पेद्रीची मिनिटे: तरुण मध्यरक्षकाची कारकीर्द कशी घडते आणि कशी झिजते

6 जुलै 2021 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात स्पेनचा संघ इटलीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, पण सामना संपल्यावर चर्चा झाली ती हरलेल्या संघातल्या अठरा वर्षांच्या एका मुलाची. पेद्रो गोन्सालेस लोपेस, म्हणजेच पेद्री, याचा निर्धारित 90 मिनिटांत एकही पास चुकला नव्हता, आणि जादा वेळ धरला तरी 66 पैकी 65 पास त्याने बिनचूक पोहोचवले होते. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी तर या वयात असा खेळ स्पेनचा महान मध्यरक्षक आंद्रेस इनिएस्ता यानेही केला नव्हता, असे जाहीरपणे म्हटले. त्या स्पर्धेत स्पेन एकूण 630 मिनिटे खेळला आणि त्यांपैकी 629 मिनिटे पेद्री मैदानावर होता. पुढच्या तीन वर्षांत या मुलाची कारकीर्द वारंवार का अडखळली, याचे बरेचसे उत्तर या 629 च्या आकड्यात दडलेले आहे.

तरुण फुटबॉलपटूच्या कारकिर्दीविषयी आपण बोलतो तेव्हा सहसा प्रतिभा, मेहनत आणि संधी या तीनच गोष्टी मोजतो. मध्यरक्षकाच्या बाबतीत चौथी गोष्ट तितकीच निर्णायक असते, ती म्हणजे मैदानावर घालवलेली मिनिटे, आणि त्या मिनिटांच्या मध्ये शरीराला मिळालेला किंवा न मिळालेला अवकाश. माझ्या मते गेल्या काही वर्षांत हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते पेद्रीच्या वाटचालीत, म्हणून हा विषय त्याच्याच उदाहरणातून समजून घेऊ.

आधी मध्यरक्षकाचे काम नेमके काय असते ते पाहू. बचावपटू आणि आघाडीचे खेळाडू यांच्या मधल्या पट्ट्यात तो खेळतो, त्यामुळे त्याच्या समोर, मागे, डावीकडे आणि उजवीकडे, सगळीकडे प्रतिस्पर्धी असतात. बाजूच्या रेषेलगत खेळणाऱ्या विंगरला निदान एका बाजूने कोणी येणार नाही याची खात्री असते. मध्यरक्षकाला ती सोय नाही. म्हणून चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला त्याला वेळच मिळत नाही, विचार चेंडू येण्याआधी करावा लागतो. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर योर्देत यांनी नामवंत मध्यरक्षकांच्या चित्रफिती पाहून नेमकी हीच गोष्ट अभ्यासली. चेंडू येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो, हे त्यांनी मोजले, आणि जे जास्त वेळा पाहतात त्यांचे पास अधिक यशस्वी ठरतात, असे त्यांना आढळले.

पेद्रीचा कोणताही सामना पाहताना चेंडूवरची नजर काढून पाच मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहावे. चेंडू अजून बचावपटूच्या पायाशी असतो, तेव्हा तो डाव्या खांद्यावरून मागे पाहतो, मग उजव्या खांद्यावरून, मग चेंडूकडे, आणि पुन्हा मागे. पास निघतो त्या क्षणी तो दोन पावले सरकतो, अशा बेताने की पाठीवर असलेला प्रतिस्पर्धी हातभर लांब राहावा. चेंडू घेताना त्याचे अंग पूर्ण चेंडूकडे वळलेले नसते, अर्धे पुढच्या गोलकडे असते. त्यामुळे पहिल्याच स्पर्शात चेंडू त्याला हव्या त्या दिशेला जातो आणि दुसऱ्या स्पर्शात पास सुटतो. हे इतके सहज घडते की बघणाऱ्याला त्यात काही विशेष घडल्याचे जाणवतही नाही. गोल, हेडर, लांबून मारलेला फटका हे डोळ्यांत भरतात. मध्यरक्षकाचे चांगले काम मात्र पुढच्या खेळाडूला मिळालेल्या मोकळ्या जागेच्या रूपाने दिसते, आणि तिचे श्रेय बहुधा त्या पुढच्या खेळाडूला जाते.

या कौशल्याची एक दुसरी बाजू आहे. ते वेगावर किंवा धिप्पाड शरीरावर अवलंबून नसल्यामुळे फार लहान वयातही पूर्ण पिकलेले असू शकते. मध्य बचावपटू किंवा गोलरक्षक सहसा विशीच्या मध्यावर स्थिरावतात, पण सोळा-सतरा वर्षांचा मध्यरक्षक थेट व्यावसायिक संघात उतरलेला दिसतो, कारण त्याचे डोके तयार झालेले असते. मात्र स्नायू, स्नायूबंध आणि ते जिथे हाडाला जोडलेले असतात त्या जागा डोक्याच्या वेगाने तयार होत नाहीत. मोठ्या माणसांच्या सामन्यांचा ताण वर्षानुवर्षे थोडाथोडा वाढवत नेला, तरच त्या कणखर होतात. डोके आणि शरीर यांच्या तयारीतले हे अंतर नीट सांभाळले नाही की अडचण सुरू होते.

पेद्रीचा जन्म 25 नोव्हेंबर 2002 रोजी तेनेरिफे या कॅनरी बेटावरच्या तेगेस्ते गावचा. ही बेटे स्पेनची असली तरी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात आहेत, त्यामुळे माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या अकादमींची नजर तिथे सहज पोहोचत नाही. घरात मात्र बार्सिलोनाचीच भक्ती होती. गावातल्या बार्सिलोना समर्थक मंडळाच्या स्थापनेत त्याच्या आजोबांचा वाटा होता. किशोरवयात रेआल माद्रिदने त्याला चाचणीसाठी बोलावले होते, पण निवडले नाही. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मास क्लबने 2018 मध्ये त्याला घेतले, आणि 18 ऑगस्ट 2019 रोजी, सोळाव्या वर्षी, स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत त्याने पहिला व्यावसायिक सामना खेळला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 2 सप्टेंबरला, बार्सिलोनाने त्याच्याशी करार झाल्याचे जाहीर केले. मूळ किंमत 50 लाख युरो, आणि पुढे त्याची कामगिरी जशी होईल तशी लास पाल्मासला आणखी रक्कम द्यायची. 2019-20 चा मोसम मात्र त्याने लास पाल्मासमध्येच पूर्ण करायचा, असे ठरले.

या शेवटच्या अटीचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. मोठ्या क्लबने विकत घेतलेला सोळा वर्षांचा मुलगा लगेच तिथे गेला असता, तर राखीव संघात खेळला असता. लास पाल्मासमध्ये त्याला आठवड्यामागून आठवडा अनुभवी आणि धसमुसळ्या बचावपटूंसमोर उभे राहावे लागले. सप्टेंबर 2019 मध्ये त्याने पहिला गोल केला आणि क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान वयाचा गोल करणारा खेळाडू ठरला. तरुण खेळाडूसाठी हे एक वर्ष अकादमीतल्या तीन वर्षांइतके मोलाचे असते, असे मला वाटते, कारण तिथे हरण्याची किंमत खरी असते.

पैशांचा भागही इथेच समजून घेऊ. स्पेनमध्ये 1985 च्या शासकीय आदेशानुसार व्यावसायिक खेळाडूला ठरावीक भरपाई देऊन करार एकतर्फी मोडता येतो. म्हणून क्लब करारातच ती रक्कम लिहून ठेवतात, आणि तेवढी रक्कम कोणी भरली तर क्लब खेळाडूला अडवू शकत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो भरून बार्सिलोनाला हाच धक्का दिला होता. त्यानंतर बार्सिलोनाने कानाला खडा लावला. ऑक्टोबर 2021 मध्ये पेद्रीचा करार 2026 पर्यंत वाढवला, तेव्हा त्यात ही रक्कम 100 कोटी युरो लिहिली गेली. हे पेद्रीचे बाजारमूल्य नव्हे, तो कोणालाही उघडता येणार नाही असा कुलूपबंद दरवाजा आहे. बातम्यांत हा आकडा वाचून अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सतराव्या वर्षी पेद्री बार्सिलोनात दाखल झाला, तो 2020 चा उन्हाळा क्लबसाठी अत्यंत वाईट होता. ऑगस्टमध्ये लिस्बनला बायर्न म्युनिकने चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत बार्सिलोनाचा 8-2 असा पराभव केला होता, कर्जाचा डोंगर वाढत होता, आणि नवे प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांच्या हाती थकलेला संघ आला होता. कूमन यांनी या मुलाला संघात ठेवले, 27 सप्टेंबरला व्हिल्यारेआलविरुद्ध पहिल्यांदा उतरवले, आणि पाहता पाहता लिओनेल मेस्सीला चेंडू कुठे आणि केव्हा हवा असतो हे नेमके ओळखणारा माणूस म्हणून तो अपरिहार्य झाला. एप्रिल 2021 मध्ये क्लबने कोपा देल रे हा स्पेनमधला चषक जिंकला. त्याआधी 25 मार्च रोजी ग्रीसविरुद्ध त्याने स्पेनच्या मुख्य संघातूनही पदार्पण केले होते.

आता त्या मोसमाचे गणित. कोविडमुळे 2019-20 चा मोसम जुलै 2020 पर्यंत लांबला, त्यामुळे पुढच्या मोसमापूर्वीची विश्रांती आणि तयारी आक्रसली. पुढचा मोसम सप्टेंबरमध्ये सुरू होऊन नेहमीइतकेच सामने कमी आठवड्यांत कोंबले गेले. तो संपताच युरो, आणि युरोतले स्पेनचे शेवटचे तीनही सामने जादा वेळेपर्यंत गेले. वेम्बलीच्या त्या रात्रीनंतर अवघ्या 16 दिवसांनी, 22 जुलैला, पेद्री जपानमधील साप्पोरो येथे इजिप्तविरुद्ध टोकियो ऑलिम्पिकचा पहिला सामना खेळत होता. 7 ऑगस्टला योकोहामात ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना पुन्हा जादा वेळेत गेला आणि स्पेनला रौप्य मिळाले. क्लब, राष्ट्रीय संघ आणि वयोगटाचे संघ मिळून त्या एका मोसमात पेद्रीचे 73 सामने झाले, म्हणजे सुमारे साडेदहा महिने सरासरीने चार-साडेचार दिवसांना एक सामना. आणि ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यानंतर आठव्या दिवशी तो पुन्हा बार्सिलोनाच्या संघातून ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगच्या, पहिल्या सामन्यात उतरला.

यात चूक कोणाची, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर नियमांत शोधावे लागते. युरोसाठी खेळाडू सोडणे क्लबला बंधनकारक असते. ऑलिम्पिकसाठी तसे बंधन फिफाच्या नियमांत नाही, पण स्पेनच्या क्रीडा कायद्यानुसार राष्ट्रीय संघाने बोलावले की खेळाडूला जावे लागते. युरो खेळलेल्या स्पेनच्या सहा खेळाडूंना टोकियोला नेण्यात आले. कूमन यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. पण त्याच कूमन यांच्या क्लबने ऑगस्टमध्ये त्याला लगेच मैदानात उतरवले, कारण ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मेस्सीने रडत बार्सिलोनाचा निरोप घेतला होता आणि क्लबजवळ पेद्रीखेरीज फारसे काही उरले नव्हते. क्लब, राष्ट्रीय महासंघ आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्था यांपैकी प्रत्येकाने फक्त आपले सामने मोजले. बेरीज कोणीच केली नाही. मुलगा स्वतः नको म्हणाला नाही, आणि अठराव्या वर्षी देशाच्या संघाला नको म्हणण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणेही मला अन्यायाचे वाटते.

सप्टेंबर 2021 मध्ये बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्यात त्याची डावी मांडी दुखावली. महिनाअखेरीस तो परतला, दुखापत पुन्हा उलटली, आणि त्यानंतर थेट जानेवारी 2022 मध्येच तो मैदानावर दिसला. याच काळात युरोपातील सर्वोत्तम तरुण खेळाडूला मिळणारा गोल्डन बॉय आणि एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूचा कोपा करंडक, असे दोन्ही मान त्याला मिळाले. एप्रिल 2022 मध्ये फ्रँकफर्टविरुद्ध मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि मोसम तिथेच संपला. फेब्रुवारी 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध उजव्या मांडीचा पुढचा स्नायू, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा तोच, आणि मार्च 2024 मध्ये बिल्बाओला पुन्हा तोच. या शेवटच्या वेळी तो रडत मैदानाबाहेर गेला. चेहरा जर्सीत लपवणारा एकवीस वर्षांचा तो मुलगा ज्यांनी पाहिला, त्यांना त्या अश्रूंचे कारण कोणी सांगावे लागले नाही.

एकाच जागी पुन्हापुन्हा का, हे समजण्यासाठी मांडीची रचना थोडी पाहावी लागेल. मांडीच्या मागे तीन स्नायूंचा गट असतो, त्यालाच हॅमस्ट्रिंग म्हणतात. वेगाने पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला टेकण्याच्या बेतात असते, त्या क्षणी हा गट ताणला जात असतानाच पायाला आवरण्याचे कामही करत असतो. एकाच वेळी लांब होणे आणि जोर लावणे, या दुहेरी कामात तो सर्वाधिक फाटतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात. त्यांतला रेक्टस फेमोरिस हा एकटाच कंबर आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. चेंडूला फटका मारण्यासाठी पाय मागे नेला की तो दोन्ही टोकांनी ताणला जातो आणि लगेच जोराने आखडतो. पळता पळता एकदम थांबतानाही त्याच्यावर असाच भार येतो. सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावणारा, सतत थांबणारा, वळणारा आणि पास देणारा मध्यरक्षक या दोन्ही गटांना शेकडो वेळा कामाला लावतो.

फाटलेला स्नायू भरून येतो तो व्रणाच्या ऊतीने, आणि ती मूळ तंतूंइतकी लवचीक नसते. त्यामुळे तिच्या शेजारच्या भागावर जास्त ताण येतो. स्नायूच्या दुखापतीचा सर्वांत मोठा धोका आधी झालेली तशीच दुखापत हा असतो, असे क्रीडावैद्यक सांगते, ते याच कारणाने. दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला असे नव्हे. दुखणे आठवड्यांत थांबते, ताकद परत यायला त्याहून बराच जास्त काळ लागतो.

इथे एक मुद्दा मला आवर्जून सांगावासा वाटतो, कारण तो चर्चेत हरवून जातो. जास्त सामने म्हणजे जास्त थकवा, एवढेच आपण समजतो. खरी हानी दुसरीकडे होते. सामन्यानंतर स्नायूंमधील ऊर्जेचा साठा भरून यायला आणि सूक्ष्म इजा निवळायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी पुन्हा सामना असेल, तर मधल्या दिवसांत फक्त विश्रांती, मालिश आणि हलका सराव शक्य असतो. वजने उचलून ताकद वाढवण्याचा व्यायाम करता येत नाही, कारण त्याने आलेला जडपणा सामन्यात नडतो. म्हणजे सामन्यांच्या गर्दीत खेळाडू झिजत तर असतोच, शिवाय झीज भरून काढणारे कामही बंद पडलेले असते. गुडघ्यांवर बसून, कोणीतरी घोटे धरून ठेवलेले असताना, शरीर हळूहळू पुढे झुकवत नेण्याचा नॉर्डिक नावाचा साधा व्यायाम हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी करू शकतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पण तो करायला आठवड्यात जागा तर हवी. मोसमापूर्वीची सलग तयारी त्यासाठीच असते, आणि 2020 व 2021 या दोन्ही उन्हाळ्यांत पेद्रीला ती धड मिळाली नाही. सतरा ते एकोणीस या वयात, जेव्हा शरीर भरत असते, तेव्हा असे दोन पाठोपाठचे उन्हाळे गमावणे फार महागात पडते.

मध्यरक्षकच यात जास्त का सापडतो, याचेही कारण आहे. 2020 पासून सामन्यात पाच खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली, पण प्रशिक्षक बहुधा विंगर आणि आघाडीवीर बदलतात. ज्याच्या पायातून संघाचा खेळ वाहतो त्याला बाहेर काढले, तर संघाची घडीच विस्कटते. थोडक्यात, खेळाडू जितका समजूतदार तितकी त्याची सुटका अवघड.

बार्सिलोनातच याची आणखी उदाहरणे आहेत. पेद्रीपेक्षा पावणेदोन वर्षांनी लहान असलेला मध्यरक्षक गावी याला 2022 चा कोपा करंडक मिळाला. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हायादोलिदला जॉर्जियाविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्यातला हाडांना जोडणारा मुख्य अस्थिबंध तुटला. स्पेनची पात्रता तोवर निश्चित झालेली होती. तो जवळपास अकरा महिने मैदानाबाहेर राहिला. आघाडीचा खेळाडू आन्सू फाती पेद्रीच्याच वयाचा. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच्या गुडघ्याची गादी फाटली आणि मेस्सी गेल्यावर 10 क्रमांकाची जर्सी मिळालेला हा मुलगा पुढे उसनवारीवर ब्रायटन आणि मोनाकोला गेला. यांच्यापैकी कोणाच्याही प्रतिभेविषयी शंका नव्हती.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनी या पिढीची एक झलक प्रत्यक्ष पाहिलेली आहे. 25 ऑक्टोबर 2017 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला 3-1 असे हरवले. दोन गोल कर्णधार आबेल रुईसने आणि एक फेरान तोरेसने केला होता. फेरान पुढे बार्सिलोनात पेद्रीचा सहकारी झाला. त्या संघातली बरीच नावे मात्र मोठ्या क्लबांच्या यादीत पुन्हा दिसली नाहीत. पेद्री तेव्हा पंधरा वर्षांचाही नव्हता आणि स्पेनच्या फुटबॉलमध्ये त्याचे नाव कोणाच्या कानावर नव्हते. सतराव्या वर्षीची क्रमवारी पुढे टिकत नाही, याचा हा एक दाखला.

2024 च्या युरोत पेद्री पुन्हा स्पेनच्या संघात होता. स्टुटगार्टला यजमान जर्मनीविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात, सुरुवातीच्या काही मिनिटांतच, टोनी क्रूसच्या धडकेने त्याचा डावा गुडघा मुरगळला. त्याच्या जागी आलेल्या दानी ओल्मोने गोल केला, आणि स्पेनने पुढे स्पर्धा जिंकली. पेद्री मात्र अंतिम सामन्यात खेळू शकला नाही.

त्यानंतरचा मोसम त्याच्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाचा ठरला. हान्सी फ्लिक प्रशिक्षक म्हणून आले, शारीरिक तयारीसाठी हुलियो तोउस यांच्यासारखे नवे लोक आले, आणि ताकदीच्या व्यायामावर भर वाढला. पेद्रीने स्वतःही या कामाला वाहून घेतले. एकेकाळी काटकुळा दिसणारा हा खेळाडू खांद्यांत आणि मांड्यांत भरलेला दिसू लागला. फ्लिक यांनी त्याला आधीपेक्षा थोडे मागे, बचावपटूंच्या पुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एक म्हणून खेळवले. तिथून सगळे मैदान समोर दिसते आणि खेळाची गती आपल्या हातात ठेवता येते. अनेक सामन्यांत त्याला पूर्ण 90 मिनिटे न ठेवता वेळीच बाहेर घेण्यात आले. परिणामी ज्याच्या मांडीची बातमी दर दोन महिन्यांनी येत असे, तो ला लिगाच्या 38 पैकी 37 सामन्यांत खेळला. जानेवारी 2025 मध्ये त्याचा करार 2030 पर्यंत वाढवला गेला.

26 एप्रिल 2025 रोजी सेव्हियात कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. त्याने स्वतःच्याच भागात चेंडू हिसकावला, लांब पास देऊन हल्ला सुरू केला, आणि मग जवळपास सगळे मैदान धावत पार करून पेनल्टी क्षेत्राच्या कडेशी पोहोचला. सहकारी लामिन यामालने मागे दिलेला चेंडू त्याने न थांबवता जाळीच्या वरच्या कोपऱ्यात मारला. हिसकावणे, पाहणे, धावणे आणि रेक्टस फेमोरिसची पूर्ण कसोटी घेणारा फटका, असे सगळे त्या काही सेकंदांत होते. बार्सिलोनाने तो सामना जादा वेळेत 3-2 असा जिंकला आणि मे महिन्यात लीगही जिंकली.

प्रश्न मात्र संपलेला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये माद्रिदविरुद्धच्याच सामन्यानंतर त्याच्या डाव्या हॅमस्ट्रिंगला पुन्हा इजा झाल्याचे क्लबने जाहीर केले आणि तो काही आठवडे बाहेर राहिला. दरम्यान सामने वाढतच आहेत. 2024-25 पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले. 2025 च्या उन्हाळ्यात फिफाने 32 संघांची क्लब विश्वचषक स्पर्धा भरवली, म्हणजे एरवी विश्रांतीचा असणारा उन्हाळाही काही क्लबांसाठी संपला. 2026 पासून विश्वचषकात 32 ऐवजी 48 संघ आले, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाच्या वाट्याला सातऐवजी आठ सामने आले. फिफ्प्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेची युरोपीय शाखा 2024 मध्ये याच मुद्द्यावर युरोपियन लीगांसह युरोपीय आयोगाकडे गेली. खेळाडूंच्या संघटनांशी चर्चा न करता फिफा एकतर्फी वेळापत्रक ठरवते, असा त्यांचा आक्षेप आहे. मोसमांच्या मध्ये सक्तीची सलग सुट्टी आणि पाठोपाठच्या सामन्यांवर मर्यादा, अशा संघटनेच्या मागण्या आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूंसाठी ही मर्यादा इतरांपेक्षा कडक असावी, आणि क्लबचे, देशाचे व वयोगटाचे सामने एकाच वहीत मोजले जावेत, असे माझे मत आहे. 2021 च्या उन्हाळ्यात अशी वही कोणाकडे असती, तर साप्पोरोच्या विमानात पेद्री बसलाच नसता.